मागच्या बाजूचा उजेड

आकृती परत आली, तेव्हा त्याला आधी वाटलं की दुसऱ्या कुणाची तरी चुकून आपल्या टेबलावर पडली. बत्तीस वर्षं तो या छापखान्यात पाठ्यपुस्तकांच्या आकृत्या काढत होता. बेडकाचं पोट, ज्वालामुखीचं पोट, पाण्याच्या पंपाचं पोट, जगात ज्याला ज्याला पोट आहे ते त्याने उभं कापून दाखवलं होतं. या बत्तीस वर्षांत मजकूर परत गेले, मुखपृष्ठं परत गेली, एकदा तर छापून झालेली अख्खी अनुक्रमणिका परत गेली. पण त्याची आकृती कधी परत आली नव्हती. छापखान्यात त्याला सगळे 'कंपास' म्हणायचे, आणि ते नाव त्याने मनातल्या मनात पदकासारखं छातीवर लावलेलं होतं. आणि आज, महिन्याभरात निवृत्ती आलेली असताना, आकृती सात-चार टेबलावर परत येऊन पडली होती. समासात पेन्सिलीने, बारीक आणि शांत अक्षरात लिहिलेलं होतं : 'खोका असा चपटा दिसणार नाही. वळलेला दिसेल. मागची बाजू दिसायला हवी. तिची रेषा तुटक नको, अखंड हवी.' ट्रेसिंग पेपरवरून सरळ सुळसुळत चाललेली निब एखाद्या तंतूत अडकावी आणि शाईचा ठिपका फुटावा, तसं त्याच्या आत काहीतरी फुटलं. त्याने चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. अक्षर तेच होतं.

पुस्तक वरच्या वर्गाचं भौतिकशास्त्राचं होतं आणि सातवं प्रकरण, वस्तू उजेडाच्या वेगाच्या जवळपास धावू लागली तर तिचं काय होतं, याबद्दल. तो सगळी प्रकरणं वाचायचा. नुसतं 'इथे खोका काढा' म्हटलं आणि काढला, असला तो नव्हता. त्याने वाचलं होतं की अशी धावणारी वस्तू धावण्याच्या दिशेने आखूड होते. उंची तेवढीच राहते, रुंदी तेवढीच, फक्त लांबी आक्रसते. त्याने एक खोका स्थिर काढला आणि त्याखाली तोच खोका धावताना काढला, बिचारा दोन्ही बाजूंनी दाबलेल्या चेहऱ्यासारखा. बाकी सगळ्या पुस्तकांत असाच असतो. संपादकाने तर खांद्यावरून डोकावून सांगूनही टाकलं की राहू दे रे कंपास, पोरं काही उजेडाच्या वेगाने शाळेत जात नाहीत, दुपारपर्यंत प्लेटा जायच्यात, बाईंना मी समजावतो. त्याने नुसती मान हलवली. बाई म्हणजे पुस्तकाच्या लेखिका, कॉलेजातून निवृत्त झालेल्या. त्यांना समजावणं संपादकाच्या बापाला जमलं नसतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. पण त्याच्या मनाला टोचत होतं ते वेगळंच. 'चपटा' हा शब्द त्याने गेले आठ दिवस स्वतःलाच कितीदा तरी ऐकवला होता, आणि खोक्याशी त्याचा काहीएक संबंध नव्हता.

उद्या वहिनी पंच्याहत्तर वर्षांची होणार होती. पुतणीने आपल्या घरी सगळ्यांना बोलावलं होतं आणि त्याला बजावलं होतं की काका, तू बोलायचंस. बाबा गेले, आता आईला लहानपणापासून बघितलेला तूच एकटा उरलास. तो म्हणाला होता, अगं, तिने मला लहानपणापासून बघितलं, मी तिला नाही. पुतणी म्हणाली, तेच ते, शब्दांचा कीस पाडू नकोस, दहा वाक्यं बोल आणि बस. दहा वाक्यं! आठ दिवस तो रोज संध्याकाळी कागद घेऊन बसायचा आणि रोज तेच चार शब्द निघायचे. ती सतत कामात असायची. तिने खूप कष्ट केले. कष्ट केले, कष्ट केले, कागद फाडला. ही वाक्यं कुणाच्याही वहिनीवर बसली असती, तयार कपड्यासारखी. जिच्यामुळे आपण माणसात आलो तिच्याबद्दल आपल्याजवळ एवढंच? तिचं काही आठवू गेलं की एकच चित्र यायचं, आणि ते चित्र चपटं होतं. एक बाई सायकलवरून चाललीय. बाजूने दिसतेय. तोंड पलीकडे. गेली.

आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता आणि दादा चोवीसचा. सहाव्या वर्षी वहिनी आली. आल्या आल्या तिने त्याच्यासमोर उकिडवं बसून विचारलं होतं, काय हो भावजी, दात कुठे ठेवलेत? पुढचे दोन पडले होते. सहा वर्षांच्या पोराला 'अहो भावजी' म्हणणारी ती पहिलीच बाई. पुढे मात्र ती रागावली की तेवढंच म्हणायची, अहो भावजी, पाटी धुवा आता; आणि खुशीत असली की साधं 'अरे'. दादा बंदरात क्रेनवर होता, पाळ्या उलट्यासुलट्या, घरी असला की झोपलेला. घर चालायचं ते वहिनीच्या पायांवर, अक्षरशः. पहाटे ती बेकरीत जायची, तिथून सायकलच्या मागेपुढे पावाच्या टोपल्या लावून घरोघर फिरायची, आणि रिकाम्या टोपल्या परत टाकून साडेदहाला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला यंत्र लावून बसायची. संध्याकाळी येऊन चूल, कपडे, भांडी, आणि याच्या वह्यांना कव्हरं. ती बसलेली त्याला आठवतच नव्हती. घरात ती या दारातून त्या दारात अशी जायची की पडदा हलायचा तेवढा कळायचा.

पाचवीत त्याचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर गेला, रस्त्याच्या अंगाला, आणि त्याने खिडकीचा बाक धरला तो दहावीपर्यंत सोडला नाही. दहा वाजता शाळा भरायची. दहा वाजून दहा मिनिटं व्हायची आणि खाली रस्त्यावरून वहिनी जायची. खिडकीला चार गज होते. पहिल्या गजाआडून पुढचं चाक निघायचं, दुसऱ्या-तिसऱ्यामध्ये ती, आणि चौथ्याआड मागचं चाक बुडायचं. संपलं. पोरांनी तिचं नाव 'रेघ' पाडलं होतं. उंच, काटकुळी, ताठ बसलेली, सरळ जाणारी. आली रे रेघ, गेली रे रेघ. तिने एकदाही वर बघितलं नाही. एकदाही! सहा वर्षांत तिचं तोंड कायम पलीकडच्या फुटपाथकडे असायचं, जसं काही इकडे शाळा नसून रिकामं माळरान आहे. दुसऱ्यांच्या आया फाटकाशी थांबायच्या, हात हलवायच्या, विसरलेली वही घेऊन धापा टाकत यायच्या. त्याच्या मनात कुठेतरी एक बारीकशी थंड फरशी बसली ती तेव्हा. पुढे तिने त्याला शिकवलं, चित्रकलेच्या शाळेत घातलं, दादाशी भांडून घातलं, हे सगळं त्याला ठाऊक होतं आणि त्याबद्दल तो कुणालाही, कधीही, मान खाली घालून बोलला असता. पण ती फरशी जागची हलली नव्हती. अठ्ठावन्नाव्या वर्षी माणसाने असं काही मनात बाळगावं याची त्याला लाज वाटायची; लाज वाटायची आणि तरी ती फरशी पायाला गारच लागायची.

अकराच्या सुमाराला बाई स्वतःच आल्या. एवढ्याशा, कापसासारखे केस, हातात कापडी पिशवी. संपादक लगबगीने उठला, तर त्याला हातानेच बसवलं आणि सरळ कंपासच्या टेबलाशी येऊन स्टूल ओढून बसल्या. "रागावलात?" त्यांनी विचारलं. तो म्हणाला, नाही, राग कसला, पण पुस्तकात तर लिहिलंय तुम्हीच, आखूड होतो म्हणून. तर त्या म्हणाल्या, होतोच. त्यांनी टेबलावरचा शाईच्या बाटलीचा पुठ्ठ्याचा खोका उचलला आणि त्याच्या डोळ्यांसमोरून डावीकडून उजवीकडे हळूहळू सरकवत नेला. लहान मुलाला भरवताना चिमणी-कावळा करतात तसा. हा खोका जाताना जागोजाग माणसं उभी करून, एकाच क्षणी त्याची दोन्ही टोकं धरून मोजलीत, तर तो आखूड भरेल. ते खरंच आहे. पण बघणं म्हणजे मोजणं नव्हे. बघताना आपण काही करत नाही, आपल्याकडे उजेड येतो. आणि डोळ्यात एकाच वेळी शिरलेला उजेड एकाच वेळी निघालेला असतोच असं नाही. हे बघा, त्या म्हणाल्या, आणि खोक्याच्या डाव्या अंगाला, जे त्याला दिसत नव्हतं, बोट लावलं. ही याची पाठ. हिच्यावरूनही उजेड निघतोच. पण खोका उभा असला की तुमच्यापर्यंत पोचत नाही, कारण खोकाच मध्ये येतो. आपल्याच पाठीला आपणच आड. पण तोच खोका जर एवढ्या वेगाने धावत असेल की पाठीवरून उजेड निघतो न निघतो तोच तो पुढे सटकला, तर मधली वाट मोकळी होते. पाठीचा उजेड सुटतो आणि येतो तुमच्याकडे. तो आधी निघालेला असतो, त्याला लांबून यायचंय. समोरच्या बाजूचा नंतर निघतो. डोळ्यात मात्र दोघं हातात हात घालून शिरतात. मग तुम्हाला खोका चपटा दिसत नाही. समोरची बाजू आखूड दिसते, आणि शेजारी पाठ उघडी पडलेली दिसते. म्हणजे कसा दिसला तो?

"वळलेला," तो म्हणाला.

"वळलेला. न वळता."

मग त्या जरा हसल्या आणि म्हणाल्या की तुमची आकृती मोजणाऱ्याची आहे, आणि मोजणाऱ्याची म्हणून ती बिनचूक आहे. पण तुम्ही कोपऱ्यात डोळा काढलात. त्याने आकृतीकडे बघितलं. खरंच, उजव्या कोपऱ्यात त्याने एक डोळा काढला होता, पापण्यांसकट. आकृती कोरडी वाटू नये म्हणून तो असे डोळे काढायचा. भिंगाच्या आकृतीत, आरशाच्या आकृतीत, कुठेही. हात बसला होता. बाई म्हणाल्या, डोळा नसता काढलात तर मी ती परत पाठवली नसती. एकदा डोळा काढला की तो जे बघेल ते काढायला हवं. त्याला वाटलं, आपल्याला बत्तीस वर्षांत एवढ्या मायेने कुणी चूक दाखवली नसेल. मुळात दाखवलीच नव्हती. चूक दाखवून घेण्यातही एक सुख असतं, कुणीतरी आपलं काम आपल्याइतकं निरखून बघितल्याचं, आणि ते सुख आपण बिनचूकपणाच्या नादात बत्तीस वर्षं हुकवलं की काय?

त्याने संपादकाकडे दुपारी चारपर्यंतची मुदत मागून घेतली आणि नवा कागद ताणला. वेग उजेडाच्या सहा दशांश धरा, बाईंनी जाताना सांगितलं होतं, म्हणजे समोरची बाजू आठ दशांश दिसेल आणि पाठ सहा दशांश. सहा, आठ, दहा! चित्रकलेच्या शाळेत पहिल्या दिवशी शिकवलेला काटकोन, गवंडीसुद्धा दोरीला गाठी मारून ज्याने कोपरा धरतात तो. एवढ्या दूरच्या, एवढ्या अचाट वेगाच्या पोटात हाच घरगुती त्रिकोण बसलेला होता, जसा एखाद्या मोठ्या साहेबाच्या डब्यात आपल्या घरचंच लोणचं निघावं. त्याला गंमत वाटली. त्याने गुण्या लावला, समोरची बाजू आठाने धरली, तिच्याशेजारी पाठ सहाने. आणि इथे त्याचा हात थांबला. बत्तीस वर्षं त्याच्या हाताला एक शिस्त होती. जी कड समोरून दिसत नाही, वस्तूच्या पाठीमागे आहे, ती तुटक रेषेने काढायची. टिंब टिंब टिंब. आहे, पण आपल्याला दिसत नाही. ही शिस्त हातात इतकी मुरलेली की पाठीची कड म्हटल्यावर पेन आपोआप उचललं जायचं, ठेवलं जायचं, उचललं जायचं. आता पहिल्यांदा त्याला ती कड न उचलता ओढायची होती. त्याने श्वास धरला आणि रेषा ओढली. अखंड. ओली शाई क्षणभर चकाकली आणि कागदात बसली.

रेषा वाळेपर्यंत करायला काही नव्हतं. खाली आकृती सात-पाच होती, ती बरोबर होती : दोन घड्याळं, एक घरी ठेवलेलं, एक प्रवासाला गेलेलं, गेलेलं परत येतं तेव्हा त्याच्यात वेळ कमी झालेला असतो. ही काढताना त्याला त्याच्या अठराव्या वर्षीचे बूट आठवले होते. त्याची दहावी झाल्यावर एक्स्चेंजने वहिनीला दीड वर्षासाठी दुसऱ्या शहरात पाठवलं होतं. जाताना तिने त्याला कागदावर उभं करून त्याच्या पावलाभोवती पेन्सिल फिरवली, आणि येताना त्या मापाचे बूट घेऊन आली. काळे, चकचकीत, लेसचे. तोवर त्याचं पाऊल दोन बोटं वाढलेलं. तो दारात उभा, तिच्यापेक्षा वीतभर उंच, मिसरूड फुटलेलं, आणि म्हणाला होता, कुणाला आणलेस हे? तिने एकदा बुटांकडे आणि एकदा त्याच्याकडे बघितलं. तिच्याकडे तो अजून तेवढाच होता. ती जिथे जिथे गेली तिथे त्याचं तेच पाऊल घडी घालून जवळ बाळगत फिरली होती. आता कळतं. तेव्हा त्याने बूट उचलले आणि खिडकीत ठेवून दिले. वहिनी म्हणाली, अहो भावजी, जरा हळू वाढायचं होतंत. आणि आत गेली. पडदा हलला.

आकृती चारला गेली. बाईंनी फोनवरून विचारलं, पाठ आली का? तो म्हणाला, आली. त्याने त्यांचे आभार मानले आणि मानताना त्याला जाणवलं की परक्या बाईंचे आभार किती सहज मानता येतात. घरात आभार मानायची सोय नसते. घरात 'आभारी आहे' म्हटलं तर समोरचं माणूस दचकतं, आपल्याला काढून टाकलं की काय असं वाटतं त्याला. मग ते कुठे ठेवायचं? माणसं ते बहुधा मनातच ठेवतात आणि एक दिवस मनासकट जातात. उद्या दुपारी त्याला उभं राहून काहीतरी बोलायचं होतं, आणि खोटं बोलून भागणार नव्हतं. वहिनीला खोटी रेषा लगेच कळते. आणि ती फरशी तशीच ठेवून गोड बोलणं, तेही खोटंच. त्याने वाक्यांचा नाद सोडला. त्याला वाक्यं येत नव्हती, रेषा येत होत्या. उरलेल्या ट्रेसिंग पेपरच्या तुकड्यावर तो लहानपणीच्या शहराचा नकाशा काढू लागला, नुसता हात चाळवायला. इथे बेकरी. इथे, थेट दक्षिणेला, एक्स्चेंज. मधे कालवा, आणि कालव्याच्या कडेने बेकरीपासून एक्स्चेंजपर्यंत पट्टीने ओढावा तसा रस्ता, सपाट, झाडांच्या सावलीचा. पाववाले, दूधवाले, सगळे सायकलवाले त्याच रस्त्याने जायचे. आणि शाळा? शाळा कालव्याच्या पलीकडे, पूल ओलांडून, चढ चढून, वर. त्याने शाळेचा चौकोन काढला आणि बेकरीपासून शाळेवरून एक्स्चेंजपर्यंत जाणारी रेषा ओढली. रेषा वळली, चढली, पुन्हा वळून उतरली.

शाळा तिच्या वाटेवर नव्हती. त्याला ही गोष्ट माहीत नव्हती असं कसं म्हणावं? तो त्याच शहरात वाढला, तो पूल त्याने हजारदा ओलांडला, कालव्याच्या कडेने सायकल शिकला. सगळं माहीत होतं आणि कधी एका कागदावर आलं नव्हतं. साडेदहाला तिला एक्स्चेंजमध्ये खुर्चीत असावं लागे. पहाटेपासून पावाच्या टोपल्या ओढलेल्या पायांनी ती रोज पूल ओलांडून तो चढ चढायची, शाळेसमोरून जायची आणि पलीकडून उतरून पुन्हा खाली यायची. त्याने सवयीने माप लावलं. सव्वा किलोमीटर जास्त. मग वर का बघायची नाही? चढ चढून यायचं आणि तोंड फिरवून जायचं, हे कसलं येणं? आणि मग, एवढ्या वर्षांनी, टेबलावर दुपारचं ऊन तिरपं पडलेलं असताना, ते आलं. फार पूर्वी निघालेलं, मध्ये तो स्वतःच आड उभा होता म्हणून अडलेलं. पाचवीचा पहिला आठवडा. वहिनी खाली सायकल थांबवून वर बघतेय, एक पाय जमिनीवर टेकवून, हात हलवतेय, मोठ्याने त्याच्या घरच्या नावाने हाक मारतेय. सगळा वर्ग खिडकीला. पोरं ओरडतायत, रेघ, पाववाली. त्या संध्याकाळी तो जेवला नव्हता. भिंतीकडे तोंड करून म्हणाला होता, तू तिथून जाऊ नकोस. जायचंच असलं तर वर बघू नकोस. पोरं हसतात. आणि वहिनी त्याच्या मागे उभी राहून ऐकत होती. मग तिने नुसतं 'बरं' म्हटलं. एवढं सोपं 'बरं' की ते त्याच्या लक्षातही राहिलं नाही. चार दिवसांनी तो विसरला. ती सहा वर्षं विसरली नाही.

त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला. आजूबाजूला छापखाना चालूच होता, यंत्रांची धडधड, कुणीतरी कुणाला चहा झाला का विचारतंय, आणि त्या सगळ्या आवाजाखालून त्याला वहिनीची एक ओवी ऐकू आली. कपडे पिळताना गुणगुणायची ती, अर्धी तोंडातल्या तोंडात, आणि त्याला वाटायचं सासरी आलेल्या बाईचं काहीतरी रडगाणं असेल :

*जाते जाते म्हणते मी, पाय माझे पुढे गेले,*
*मागे राहिले लेकरू, डोळे पाठीला फुटले.*

त्याच्या मनात जे हललं त्याला पश्चात्ताप म्हणता आलं असतं, पण पश्चात्तापाला एवढा उजेड नसतो. एवढं आपल्या वाट्याला आलं होतं! आपल्याला न मागता, न कळता, रोज, चढावरून. जो माणूस स्वतःला पोरका समजत खिडकीत बसला होता, त्याच्याखालून रोज दहा वाजून दहा मिनिटांनी हे जात होतं. आपण गरीब नव्हतो, कधीच नव्हतो, असं त्याला वाटलं, आणि तो एकटाच टेबलाशी बसून हसला. संपादक म्हणाला, काय कंपास, आकृती परत आली म्हणून आनंद झालाय काय? तो म्हणाला, हो.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुतणीच्या घरी पंचवीस-तीस माणसं होती. वहिनीला मधल्या खुर्चीत बसवलेलं; ती सारखी उठायला बघायची आणि पुतणी खांदा दाबून पुन्हा बसवायची. तो उभा राहिला तेव्हा कुणीतरी म्हणालं, कंपास, गोल गोल बोलू नकोस. सगळे हसले. त्याने खिशातला कागद काढला आणि वाचून दाखवल्यासारखा बोलला. वहिनी बेकरीतून एक्स्चेंजला जायची, तो रस्ता कालव्याच्या कडेचा, सरळ आणि सपाट. माझी शाळा त्या रस्त्यावर नव्हती. शाळेवरून जायला चढ होता, आणि सव्वा किलोमीटर जास्त. शाळा वर्षाला दोनशे वीस दिवस. मी खिडकीत बसायचो ती सहा वर्षं. म्हणजे सोळाशे पन्नास किलोमीटर. राहिलेलं बोलल्याशिवाय खाली बसणं शक्य नव्हतं. तो वहिनीकडे वळून म्हणाला, "वर बघू नकोस असं मीच तुला सांगितलं होतं. आणि तू बघत नाहीस म्हणून रुसून बसलो तोही मीच. काल कळलं मला. उशीर झाला."

पुतणीने ओठ दाबून धरले. वहिनी मात्र नाक उडवून म्हणाली, "बघत नव्हते, असं कोण म्हणतं? समोर फर्निचरवाल्याची ही एवढी मोठी काच होती. तिच्यात तुमची अख्खी शाळा दिसायची. त्यात तू दिसायचास. बहुतेक वेळा नाकात बोट."

हशा पिकला. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी डोळे पुसले, आणि तो हसत उभा राहिला. पलीकडच्या फुटपाथकडे वळलेलं ते तोंड. त्या तोंडासमोर, काचेत, तो. सहा वर्षं रोज तो तिच्याकडे बघत होता आणि ती त्याच्याकडे, आणि दोघांच्या नजरा पाठमोऱ्या होऊन जात होत्या. सगळे पुन्हा बोलू लागले, बशा फिरू लागल्या. तो वहिनीजवळ जाऊन खुर्चीच्या हातावर टेकला. तिने त्याच्या हातातला कागद काढून घेतला, लांब धरला, डोळे बारीक करून वाचला.

"चुकलंय हे, भावजी," ती म्हणाली. "सहा नाही, आठ. तिसरी-चौथी धरलीच नाहीस."

"तिसरी-चौथीला माझा वर्ग मागच्या अंगाला होता, वहिनी. तळमजल्याला. रस्त्यावरून मी दिसत नव्हतो."

"नव्हतास दिसत."

"मग?"

"मग काय. भिंत दिसायची."

त्याने शर्टाच्या खिशातलं पेन काढलं, कागद गुडघ्यावर ठेवला, सहावर एक आडवी रेघ मारली आणि वर आठ लिहिला. वहिनी मान वाकडी करून, आकडा नीट येतोय ना, ते बघत होती.